निळं पाणी आणि माझी स्वच्छ भांडी

चौतीस वर्षं मी भांडी घासली. घरची तर घासलीच, ती कुणाला चुकलीत? पण मी सांगतेय ती भांडी काचेची, अंधेरीच्या एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या लॅबमधली. कागदावर माझं पद 'प्रयोगशाळा सहायक' असं होतं. वाकोल्याला आमच्या बिल्डिंगमध्ये मिस्टर ऐटीत सांगायचे, ही सायन्सवाली आहे. मग एखादी शेजारीण कडेवर मूल घेऊन यायची, याचं पोट बिघडलंय, काय देऊ? मी म्हणायचे, डॉक्टरकडे ने गं बाई, मी बीकर धुते.

पण बीकर धुणं म्हणजे काय ते एकदा सांगतेच. काच स्वच्छ आहे की नाही हे नुसत्या नजरेला कळत नाही, पाण्याने कळतं. भांड्यात पाणी फिरवून ओतून टाकायचं. आतून अखंड पातळ पडदा राहिला तर भांडं स्वच्छ. पडदा तुटून थेंब थेंब झाले, तर अजून कुठेतरी चिकट आहे, पुन्हा घास. माझ्या हातून थेंबाळलेलं भांडं कधी मांडणीवर गेलं नाही. एका पोराने माझ्या बीकरमध्ये नूडल्स शिजवल्या होत्या. त्याला मी शंभर टेस्ट ट्यूब धुवायला लावल्या. तो आता मोठ्या औषध कंपनीत साहेब आहे, आणि रस्त्यात भेटला की अजून आधी हात पाठीमागे घेतो. थोडक्यात, स्वच्छतेचा मला माज होता. तो कसा उतरला ते लिहायला बसलेय.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या नाडकर्णी सरांकडे केतकी नावाची मुलगी पीएच.डी. करायला आली. मुलुंडची. बारीक अंगाची, बोलायला फटाकडी, आणि डबा कायम विसरणारी. पहिल्याच आठवड्यात माझ्या डब्यातली अर्धी भाकरी आणि सुकट खाऊन म्हणाली, "ताई, तुमच्यासाठीच मी हे कॉलेज घेतलं." मी म्हटलं, खोटारडी आहेस, पण जेव.

तिचं काम होतं रंगाच्या पाण्याचं. कापड रंगवायच्या कारखान्यांतून जे रंगीत पाणी नाल्यात येतं, ते नुसतं दिसायला वाईट नसतं. रंग पाण्यात ऊन शिरू देत नाही, खालचं सगळं गुदमरतं, आणि हे रंग इतके चिवट की ते सहजी कुजत नाहीत. कपड्यावर टिकावेत म्हणूनच बनवलेले, ते पाण्यात तरी कसे मरणार? तर ते उन्हाच्या जोरावर तोडायचे. त्यासाठी एक पावडर लागते. पावडरीवर प्रकाश पडला की तिच्यातले इलेक्ट्रॉन उडी मारतात, त्या धांदलीत पाण्यात अशी काही जहाल मंडळी तयार होतात की ती रंगाच्या रेणूचे लचके तोडतात. पावडर स्वतः तशीच राहते, गाळून घेऊन पुन्हा वापरता येते. जुनी पांढरी पावडर होती, भिंतीच्या रंगात असते ती. पण तिला लागतात अतिनील किरण आणि उन्हात ते असतात चिमूटभर. केतकीला हवी होती साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडात काम करणारी पावडर. त्या जातीचं नाव पेरोव्हस्काईट. कुणा रशियन माणसावरून पडलंय म्हणे.

सर मला समजावताना म्हणाले होते, परबबाई, पेरोव्हस्काईट हा एक पदार्थ नाही, तो नकाशा आहे. एकाच नकाशाच्या शंभर बिल्डिंगी असतात ना, खोल्या त्याच, भाडेकरू वेगळे? तसंच. एका खोलीत लोखंड ठेवलं तर एक गुण, थोडं तांबं आणून बसवलं तर दुसरा. मला हे फार आवडलं. त्यानंतर केतकी नवीन पावडर करायला बसली की मी विचारायचे, आज कुठला भाडेकरू?

पावडर करायची रीत स्वयंपाकासारखीच. धातूंचे क्षार पाण्यात विरघळवायचे, लिंबूसत्त्व घालायचं, ढवळत आटवायचं. काकवीसारखा पाक झाला की तो फुगतो, एकाएकी पेट घेतो आणि मागे तपकिरी हलकी राख उरते. ती भट्टीत भाजायची आणि खलात घोटायची. घोटायचं काम मी मागून घेतलं होतं. केतकी पाच मिनिटं घोटून दंड दाबत बसायची. आम्ही मालवणी वाटण वाटून मोठ्या झालेल्या, आम्हाला खल काय जड?

प्रयोग व्हायचा गच्चीवर. एका बीकरमध्ये निळ्या रंगाचं पाणी आणि पावडर असं मिश्रण करून आधी अर्धा तास अंधाऱ्या कपाटात ठेवायचं. कारण काही रंग पावडरीला नुसताच चिकटतो, तो तुटला असं समजायचं नाही. मग ते मिश्रण गच्चीवरच्या मोठ्या काचेच्या भांड्यात ओतायचं. त्यात एक नळी सोडलेली असे, तिच्या टोकाला रवाळ काचेचा गोळा. फिश टँकची मोटर लावली की त्या गोळ्याच्या बारीक छिद्रांतून हवेचे बुडबुडे निघायचे. दर पंधरा मिनिटांनी थोडं पाणी काढायचं, पावडर खाली बसवायची, आणि रंग किती उरला ते यंत्रावर मोजायचं.

सुरुवातीची दोन वर्षं तीन तास उन्हात ठेवून जेमतेम अर्ध्याच्या वर रंग जायचा. वाईट नव्हतं, पण दुसरीकडे लोक याहून चांगलं करून बसले होते. केतकी उन्हाने काळवंडली. तिची आई मला फोन करून विचारायची, हिचं कधी संपेल हो? जसं काही माझ्याच हातात होतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. केतकीने पावडरीत तांब्याचा भाडेकरू आणला. आणि मी तो काचेचा गोळा ब्लीचमध्ये बुडवायला सुरुवात केली.

त्याचं असं, तो गोळा निळा पडला होता. छिद्रांमध्ये रंग जाऊन बसलेला, साबणाने निघेना, ब्रश आत जाईना. इतर सगळी भांडी लखलखीत आणि मध्येच हे निळं बोंडूक. मला झोंबायचं ते. आमचे मिस्टर हॉटेलात वाढपी होते, त्यांच्या पांढऱ्या शर्टावरची हळद मी आयुष्यभर ब्लीचच्या पाण्यानेच काढली. वाकोल्याच्या दुकानातून बाटली आणली आणि संध्याकाळी निघताना गोळा त्यात बुडवून ठेवला. सकाळी बघते तर पांढराशुभ्र. नळाखाली धरला, डिस्टिल्ड पाण्याने एकदा विसळला, लावून टाकला. कुणाला सांगितलं नाही. लॅबमध्ये घरगुती ब्लीच आणलं म्हणून सर ओरडले असते, आणि खरं सांगायचं तर आपली युक्ती आपल्याजवळ असावी असंही वाटलं.

त्या दिवशी गच्चीवरून केतकी ओरडत खाली आली. पंधरा मिनिटांत पाणी नितळ! यंत्राने रंग जवळजवळ शून्य दाखवला. सर शांत माणूस. म्हणाले, पुन्हा कर. तिने पुन्हा केलं, मी आदल्या संध्याकाळी पुन्हा गोळा बुडवून ठेवलेला. पुन्हा नितळ. सर म्हणाले, तिसऱ्यांदा कर. तिसऱ्यांदाही तेच. मग सरांनी चष्मा काढून पुसला. आमच्याकडे हा मोठा उत्सव समजायचा.

कुणी म्हणेल, बिनपावडरीचं रिकामं भांडं तपासलं नव्हतं का? तपासलं होतं ना. भांडं नवीन होतं तेव्हा, पहिल्या वर्षी. तेव्हा उन्हात नुसतं निळं पाणी निळंच राहिलं होतं. ते वहीत लिहिलेलं होतं, पुन्हा कोण कशाला करतंय? सगळ्यांना वाटलं, तांब्याने जादू केली.

मार्च उजाडला आणि मी शिमग्याला गावी गेले. कोकणातली माणसं कुठेही नोकरीला असोत, शिमग्याची रजा कुणाच्या बापाला रोखता येत नाही. घरी पालखी येते, घर उघडं पाहिजे. आठ दिवसांनी परत आले तर केतकीचा चेहरा उतरलेला. मी नसताना तिने स्वतः भांडी धुऊन चार प्रयोग केले. पहिल्यात बरा निकाल, पुढच्या तिन्हींत पुन्हा अर्धाच रंग गेलेला. ऊन तर कडकडीत, ढगांवर ढकलायची सोय नाही. पावडर तीच, पाणी तेच. मी आले, घोटून दिलं, धुऊन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी पंधरा मिनिटांत नितळ.

झालं! सगळी लॅब म्हणायला लागली, परबताईंच्या हाताला गुण आहे. केतकीने तर मला मिठीच मारली. मग सरळ विचारलं, "ताई, तुम्ही काय वेगळं करता? सांगा ना."

मी म्हटलं, "काही नाही गं. मन लावून धुते."

ते वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात. खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

आता पुढचं नीट सांगते. एप्रिलमध्ये एका सोमवारी केतकीला समितीसमोर काम मांडायचं होतं. बाहेरचे दोन प्राध्यापक येणार, त्यांनी मान डोलावली की प्रबंध लिहायला मोकळी. तीन वर्षांची मेहनत त्या एका दुपारवर होती. शिवाय घाटकोपरचे एक शेठ होते, कपडा रंगवायचा छोटा कारखाना असलेले. ते मधूनमधून लॅबमध्ये डोकवायचे आणि विचारायचे, "मॅडम, पावडर कब देताय? मी टाकी बांधायला काढतो." भला माणूस. नाल्यात रंग सोडावा लागतो म्हणून त्यांना खरंच लाज वाटायची.

सोमवारच्या आधीचा गुरुवार. केतकी वजनकाट्यावर रंग मोजत होती. मी शेजारी उभी. कागदावर निळा ठिपका, टिकलीएवढासुद्धा नाही. मी विचारलं, एवढ्याशा रंगात किती पाणी करणार? ती म्हणाली, यातला एक मिलिग्रॅम शंभर मिलीला. रंग दिसतो गडद, पण असतो एवढासाच.

एवढासाच. मी बेसिनकडे गेले आणि उगाच एक स्वच्छ बीकर पुन्हा घासत बसले. रंग एवढासा, तर तो खायला ब्लीच किती लागेल? एखादा थेंबसुद्धा पुरेल. आणि त्या रवाळ गोळ्याच्या पोटात, एकदा विसळून, एखादा थेंब राहत नसेल कशावरून?

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी स्वतःचा प्रयोग केला. सकाळी ब्लीचमधून काढलेला गोळा, नुसतं निळं पाणी, पावडर नाही. मोटर लावली आणि भांडं अंधाऱ्या कपाटात ठेवून दार लावलं. ऊन नाही, उजेड नाही. दहा मिनिटांनी दार उघडलं. पाणी नितळ.

मी तिथेच स्टुलावर बसले. जादू तांब्याची नव्हती, हाताच्या गुणाची नव्हती. अडीचशे मिलीच्या ब्लीचच्या बाटलीची होती.

आणि मी गप्प राहिले. हे मला लिहायलाच हवं. गुरुवारी गप्प, शुक्रवारी गप्प. शनिवारी शेठ पेढे घेऊन आले, म्हणाले, ताई, पहिला पेढा तुम्हाला, हात तुमचा. मी तो पेढा खाल्ला. पाण्याबरोबर ढकलला. मनात म्हणत होते, सोमवार जाऊ दे, मग हळूच सांगू. मग म्हणत होते, न सांगताच ब्लीच बंद करू, निकाल आपोआप खाली येईल. मला केतकीची काळजी होती हे खरं, पण त्याहून जास्त मला माझी होती. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या थेंबांवरून पोरांना रडवलं, तिच्याच भांड्यात थेंब निघाला होता.

रविवारी मिस्टरांनी विचारलं, काय झालंय, जेवत का नाहीस? मी सगळं सांगितलं. हा माणूस एरवी दोन शब्द जास्त बोलायचा नाही. जरा विचार करून म्हणाला, "सांगान टाक. नायतर ता चेडू उद्या तोंडघशी पडतला." आणि भात कालवायला लागला.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले. केतकी आली ती नवी साडी नेसून, पिना टोचत, हातात लॅपटॉप. मी तिला बसवलं. गुरुवारसारखंच भांडं मांडलं होतं. म्हटलं, हे बघ, निळं पाणी. मी आता कपाट लावते, दहा मिनिटं बोलू नकोस. ती हसत होती, तिला वाटलं मी दृष्ट काढतेय. दहा मिनिटांनी मी दार उघडलं. तिने नितळ पाणी पाहिलं आणि म्हणाली, अंधारातपण? वा!

"यात पावडर नाही केतकी," मी म्हटलं.

तिचं हसू हळूहळू गेलं. मी ब्लीचची बाटली टेबलावर ठेवली आणि दिवाळीपासूनचं सगळं सांगितलं. गुरुवारपासून मला माहीत आहे हेही सांगितलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "शिमग्यालासुद्धा म्हणूनच?" मी मान हलवली. पहिल्या प्रयोगात आदल्या दिवसाचा थेंब होता, पुढे तो संपला.

तेवढ्यात सर आले. त्यांनी बाटली पाहिली, भांडं पाहिलं, आमची तोंडं पाहिली. केतकीने सांगितलं. मी वाट बघत होते की आता ओरडतील. त्यांनी खुर्ची ओढली, पहिल्या वर्षाची वही काढली आणि रिकाम्या भांड्याची ती जुनी नोंद बोटाने दाखवली. म्हणाले, "परबबाई, ब्लीच तुमचं. पण हे परत करून बघ असं सांगायचं काम माझं होतं. मी जन्मभर पोरांना हेच शिकवलं, आणि आकडा आवडला म्हणून विसरलो."

मग केतकीकडे वळून म्हणाले, तारीख पुढे ढकलून घेऊ. तिने नाही म्हटलं. दुपारी ती समितीसमोर उभी राहिली आणि सगळ्यात सुंदर आलेख पडद्यावर दाखवून म्हणाली, हा चुकीचा आहे, का चुकीचा आहे ते सांगते. मी दाराबाहेर पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते. माझं नाव तिने घेतलं नाही. 'धुण्याच्या पद्धतीतील दोष' एवढंच म्हणाली. बाहेरच्या एका प्राध्यापकांनी मात्र तिला चांगलंच फैलावर घेतलं, आणि शेवटी सगळं पुन्हा करायला आठ महिने दिले.

त्या आठ महिन्यांत आम्ही दोघी गच्चीवर पापडासारख्या भाजलो. नवा गोळा आणला, पाण्याशिवाय त्याला काही लावायचं नाही असं ठरलं. निळा पडला तर पडू दे, फार झाला तर भट्टीत भाजून काढायचा. पहिले दोन आठवडे केतकी माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या आठवड्यात डबा विसरून आली आणि माझ्यासमोर येऊन बसली. मी भाकरी अर्धी केली. मग दोघींनाही एकदमच रडू आलं, आणि सुकट खारट झाली म्हणून तिने मलाच नावं ठेवली.

तांब्याची पावडर अखेर कशी निघाली? बरी. जुन्यापेक्षा थोडी बरी. तीन तासांत अर्ध्याहून जास्त, पाऊण नाही. शेठना केतकीने स्वतः जाऊन सांगितलं की टाकी बांधू नका. त्यांच्या खऱ्या पाण्यात तर पावडर आणखी मंद चालली, कारण त्यात मीठ, साबण, नाना प्रकार. शेठ हिरमुसले, पण म्हणाले, बरं झालं, आधी सांगितलंत. प्रबंधात हे सगळं आहे. केतकी डॉक्टर झाली, आणि सर निवृत्त झाल्यावर त्याच लॅबमध्ये शिकवायला लागली. मी त्याच्या आदल्या वर्षी घरी बसले.

परवा कॉलेजात एका कार्यक्रमाला बोलावलं होतं म्हणून गेले. केतकी वर्गावर होती. लॅबमध्ये एक नवीन मुलगी भांडं लावत होती, नुसतं निळं पाणी घालून, पावडर न टाकता. मला ओळखत नव्हती. मी विचारलं, काय चाललंय?

ती म्हणाली, "परब चाचणी. रोज प्रयोगाच्या आधी त्याच भांड्यात बिनपावडरीची करायची. ही केल्याशिवाय इथे कुणाचाच आकडा धरत नाहीत."

मी विचारलं, परब म्हणजे कोण गं?

तिने खांदे उडवले. "जुने कुणी शास्त्रज्ञ असतील. पेरोव्हस्काईटवालेच कुणीतरी. केतकी मॅडम म्हणतात, पावडर फसवते, आपण स्वतःला फसवतो, पण परब खरं बोलते."

मी पुढे होऊन भांड्यातली नळी उचलली, गोळ्याला नाक लावून हुंगलं. वास नव्हता. गोळा छान निळा पडला होता. ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

"बोलते खरं," मी तिला म्हटलं. "चार दिवस लागतात तिला. पण बोलते."